पाचशे फुटांची रेघ

मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांचा मालमत्ता कर माफ करण्याची घोषणा १ जानेवारी २०२२ रोजी झाली. तेव्हापासून राज्यात घरपट्टीवर जी काही चर्चा होते ती फुटांवरच घुटमळते. कोणी ५०० चे ७०० करा म्हणतो. मुंबईला मिळाले, मग ठाण्याने आणि नवी मुंबईने काय घोडे मारले, असे कोणी विचारतो. विरोध करणारेही फार तर ‘तिजोरीवर भार पडेल’ एवढेच पुटपुटतात, कारण त्याहून जास्त बोलायचे म्हणजे लहान घरात राहणाऱ्यांच्या विरोधात उभे राहिल्यासारखे दिसते. लहान घराला माफी म्हणजे गरिबाला दिलासा, हे समर्थक आणि विरोधक दोघांनीही तपासून न पाहता मान्य केले आहे.

मला हा समज उथळ वाटतो. घरपट्टीतली प्रत्येक सवलत म्हणजे एका घराचा बोजा दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर ठेवण्याचा निर्णय असतो. तो न्याय्य व्हायचा तर सवलत कुटुंबाच्या ऐपतीला धरून असली पाहिजे. ती एका रेघेवर अचानक सुरू होऊन दुसऱ्या रेघेवर अचानक संपता कामा नये. आणि तिची किंमत कोण मोजतो हे उघड दिसले पाहिजे. आपल्याकडच्या बहुतेक सवलती या तिन्ही कसोट्यांवर नापास होतात. त्यांचा सर्वांत मोठा फायदा ज्यांना होतो त्यांचे नाव तर कोणत्याच शासन निर्णयात सापडत नाही.

१. आधी बिल वाचू

घरपट्टी हा एक कर नाही, ते करांचे गाठोडे आहे. महापालिकेच्या बिलात सर्वसाधारण कर असतो. त्याखाली शहरानुसार पाणीपट्टी, जललाभ कर, मलनिस्सारण कर, मलनिस्सारण लाभ कर, सफाई कर, अग्निशमन कर, वृक्ष उपकर, पथकर, महापालिकेचा शिक्षण उपकर अशा ओळी असतात. त्यातच राज्य सरकारचा शिक्षण उपकर येतो. तो १९६२ च्या कायद्याने लागू झाला असून महापालिका तो फक्त गोळा करून पुढे पाठवते. मोठ्या निवासी जागांवर राज्याचा आणखी एक कर आहे, १९७९ च्या कायद्याचा. म्हणून ‘घरपट्टी माफ’ असे कोणी म्हटले की पहिला प्रश्न विचारायचा तो हा की कोणती ओळ माफ? मुंबईत २०१९ मध्ये फक्त सर्वसाधारण कराची ओळ माफ झाली होती. माफीचे फलक लागले तरी हातात बिल आलेच, आणि लोकांना ती फसवणूक वाटली. २०२२ मध्ये बाकीच्या ओळीही गेल्या.

दुसरा प्रश्न आकारणीच्या पायाचा. राज्यात तीन पद्धती शेजारी शेजारी नांदतात. बहुतेक महापालिकांत घर भाड्याने दिले तर वर्षाला किती मिळेल याचा अंदाज बांधतात. त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा केले की करयोग्य मूल्य निघते आणि त्यावर टक्केवारीने कर बसतो. मुंबईने २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत घेतली. तिच्यात रेडी रेकनरचा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकार ठरवते तो, दर आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार होतो, आणि वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचे वय, मजला यांचे भारांक त्याला लागतात. ग्रामपंचायतींनाही डिसेंबर २०१५ च्या नियमदुरुस्तीने भांडवली मूल्याचा पाया मिळाला. तिथे दर हजार रुपये मूल्यावर काही पैसे असा असतो, आणि मातीच्या घरापासून स्लॅबच्या घरापर्यंत तो चढत जातो. गावात छप्पर काढून स्लॅब टाकला की ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदवहीत, नमुना ८ मध्ये, घर वरच्या वर्गात जाते. त्या स्लॅबसाठी सरकारी घरकुलाचे अनुदान घेतले होते की मुंबईहून आलेला पैसा होता, हे त्या नोंदीला कळत नाही.

२. फुटांनी ऐपत मोजता येत नाही

मुंबईचे उदाहरण यासाठी मोलाचे आहे की तिथे महापालिकेपाशी घराच्या किमतीची माहिती आधीच तयार आहे. कुठल्या विभागातले घर, कितव्या मजल्यावर, किती जुने, कशासाठी वापरलेले, हे सगळे गुणाकारात घालून ती भांडवली मूल्य काढते. आणि माफीची वेळ आली की सगळे बाजूला ठेवून फक्त ४६.४५ चौरस मीटर हा एक आकडा बघते. इतका खटाटोप करून काढलेले मूल्य नेमके सवलतीच्या क्षणी निरुपयोगी ठरते.

परिणाम उघड आहे. वरळीत समुद्राकडे तोंड असलेल्या मनोऱ्यातले ४९० फुटांचे घर आणि मानखुर्दच्या पुनर्वसन इमारतीतले २६९ फुटांचे घर एकाच रांगेत बसतात आणि दोघांचाही कर शून्य होतो. गोवंडीत सात माणसांनी मिळून घेतलेले ५२० फुटांचे घर मात्र रांगेबाहेर. अट क्षेत्रफळाची आहे. उत्पन्नाची नाही, माणसांच्या संख्येची नाही आणि घराच्या किमतीचीही नाही. वरळीच्या आणि मानखुर्दच्या दोन घरांचे भांडवली मूल्य काही पटींनी वेगळे आहे, म्हणजे वाचलेली रक्कमही तितक्याच पटींनी वेगळी आहे. जिथे जमीन महाग तिथे त्याच फुटांची माफी मोठी. गरिबांसाठी म्हणून आखलेली योजना श्रीमंत विभागातल्या घराला जास्त रुपये देते हा गणितातला अपघात नव्हे. क्षेत्रफळाची रेघ आखली की हे होणारच.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. मुंबईतल्या लहान घरांत बहुसंख्य घरे खरोखरच कष्टकऱ्यांची आणि निम्न मध्यमवर्गाची आहेत. या माफीचा लाभ सुमारे १६ लाख कुटुंबांना मिळेल असे सरकारने सांगितले होते, त्यातल्या बहुतेकांच्या खिशात पैसे खुळखुळत नाहीत. बीडीडी चाळींतल्या १६० फुटांच्या खोलीतून ५०० फुटांच्या नव्या घरात जाणाऱ्या कुटुंबावर लिफ्ट, पंप, सुरक्षारक्षक यांचा मासिक खर्च नव्यानेच पडतो. त्यात घरपट्टीची भर पडली तर ते घर विकून डोंबिवलीपलीकडे जाण्याचा विचार सुरू होतो. ही भीती खरी आहे. पण या कुटुंबाला सवलत हवी हे म्हणणे वेगळे, आणि ती फुटांवर द्यावी हे म्हणणे वेगळे. पहिले पटले म्हणून दुसरे आपोआप सिद्ध होत नाही.

३. रेघेच्या अलीकडे आणि पलीकडे

समजा ५०० फुटांच्या घराचा कर शून्य आहे आणि शेजारच्या ५१० फुटांच्या घराचा वर्षाला सहा हजार. दहा फुटांसाठी सहा हजार, म्हणजे फुटाला सहाशे रुपये. अख्ख्या घराचा सरासरी दर फुटाला बारा रुपयेही नाही. आयकरात कोणीही अशी रचना चालवून घेणार नाही, आणि जिथे सवलतीमुळे अशी उडी येते तिथे सीमेवरच्या माणसासाठी वेगळी सूट द्यावी लागते. घरपट्टीत मात्र ही उडी आपण मुकाट्याने मान्य केली आहे.

अशी रेघ स्थिरही राहत नाही. तिच्या अलीकडचे गप्प बसतात, पलीकडचे मोर्चा काढतात, आणि दर निवडणुकीला ती थोडी पुढे सरकते. पिंपरी-चिंचवडच्या शास्तीकराची कथा या दृष्टीने शिकण्यासारखी आहे. अनधिकृत बांधकामावर मूळ कराच्या दुप्पट शास्ती लावण्याची तरतूद २००८ मध्ये आली. ओरड वाढल्यावर ६०० फुटांपर्यंतच्या घरांना सूट मिळाली. मग रेघ १००० फुटांवर गेली. शेवटी २०२३ मध्ये सगळीच थकीत शास्ती माफ झाली. माफी थकीत रकमेची होती हे महत्त्वाचे, कारण ज्याने कर्ज काढून वेळेवर शास्ती भरली त्याच्याकडे माफ करण्यासारखे काही उरलेलेच नव्हते. शास्ती मुळात योग्य होती की जाचक, हा वाद मी इथे घेत नाही, ती जाचक होती असेच माझे मत आहे. मुद्दा इतकाच की फुटांवर आखलेल्या प्रत्येक रेघेला पुढच्या रेघेची मागणी चिकटूनच येते, आणि त्या प्रवासात प्रत्येक टप्प्यावर नियम पाळणारा मूर्ख ठरतो.

दोन शेजारच्या सदनिका विकत घेऊन मधली भिंत पाडली तरी कागदावर त्या वेगळ्याच ठेवण्याचा मोह, बाल्कनी मोजायची की नाही यावरची ओढाताण, मोजणीला आलेल्या कर्मचाऱ्याच्या हातात गेलेली सत्ता, या गोष्टी तर सांगायलाही नकोत. जिथे दहा फुटांनी शून्य आणि सहा हजार यांतला फरक ठरतो तिथे टेपला किंमत येते.

४. न लिहिलेली सवलत

आता ज्या सवलतीचे फलक कधी लागत नाहीत तिच्याकडे येऊ. माझ्या मते ती बाकी सगळ्या सवलतींहून मोठी आहे. जुनी आकारणी तशीच राहू देणे, हीच ती.

ज्या शहरांत करयोग्य मूल्य भाड्यावर ठरते तिथे घराची आकारणी पहिल्यांदा ज्या वर्षी झाली त्या वर्षाचा दर त्याला अनेकदा जन्मभर चिकटतो. कायद्याने ठराविक मुदतीने, साधारण चार वर्षांनी, फेरआकारणी करता येते. ती करणारा आयुक्त आणि तिला मान्यता देणारी सर्वसाधारण सभा विरळाच. म्हणून नवे दर फक्त नव्या इमारतींना लागतात. पुण्यात एकाच गल्लीत १९८५ च्या इमारतीतला तीन खोल्यांचा फ्लॅट आणि २०१८ च्या इमारतीतला तेवढाच फ्लॅट यांची बिले शेजारी ठेवून पाहा. रस्ता तोच, कचरागाडी तीच, पाण्याची वेळही तीच. बिलांत काही पटींचे अंतर निघते. नव्या इमारतीत राहणारा बहुधा तरुण असतो, कर्जाचे हप्ते फेडत असतो, आणि जुन्या फ्लॅटच्या मालकापेक्षा त्याची निव्वळ मालमत्ता कमी असते. तरी शहराचा खर्च त्याच्याकडून जास्त वसूल होतो.

यामागे कायद्याचा इतिहास आहे. भाडे नियंत्रणाखालच्या घरांचे करयोग्य मूल्य कायद्याने ठरलेल्या प्रमाण भाड्याच्या वर जाऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये दिल्लीतल्या देवान दौलत राय कपूर यांच्या खटल्यात सांगितले. प्रमाण भाडे गोठलेले, म्हणून करही गोठलेला. दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारतींत मोठमोठी घरे नाममात्र कर भरत होती आणि अंधेरी-बोरिवलीचे नवे लहान फ्लॅट त्यांच्या कितीतरी पट. भांडवली मूल्याची पद्धत मुंबईने घेतली ती हा अन्याय मोडण्यासाठी. पण मोडताना कायद्यातच अशी तरतूद ठेवली की पहिल्या आकारणीत निवासी घराचा कर आधीच्या दुपटीपलीकडे जाऊ नये आणि पुढच्या फेरआकारणीत ४० टक्क्यांपलीकडे वाढू नये. म्हणजे ज्याचा कर खऱ्या मूल्याच्या मानाने दहा पट कमी होता तो दोन पटीवर थांबला. धक्का सौम्य करण्यासाठी अशी मर्यादा काही वर्षे ठेवणे समजू शकते. ती कायमची झाली की जुना अन्याय नव्या पद्धतीत भाडेकरू म्हणून राहायला येतो.

हा दोष केवळ आपल्यापुरता नाही. इंग्लंडमध्ये १९९३ पासून घरावरचा स्थानिक कर ‘ए’ ते ‘एच’ अशा आठ गटांत बसवला आहे, आणि कोणते घर कोणत्या गटात हे आजही एप्रिल १९९१ च्या किमतीवर ठरते. तेव्हा जे घर तीन लाख वीस हजार पौंडांच्या वर होते ते सर्वांत वरच्या गटात. त्या गटाचा कर सर्वांत खालच्या गटाच्या फक्त तिप्पट, मग घराची किंमत पाचपट असो की शंभरपट. वेल्सने २००५ मध्ये नव्या किमतींवर गट बदलले. ज्यांचे गट वर गेले ते चिडले, आणि ते पाहून इंग्लंडमधल्या कोणत्याही सरकारने पुन्हा त्या वाटेला जायची हिंमत केली नाही. श्रीमंत देश, चोख नोंदी, प्रामाणिक कर्मचारी, सगळे असूनही पस्तीस वर्षांपूर्वीच्या किमती. मूल्यांकन अद्ययावत ठेवणे ही तांत्रिक अडचण असल्याचे आपल्याला सांगितले जाते, ते खरे नाही. ती राजकीय इच्छेची अडचण आहे.

५. मालक राहतो आणि भाडेकरूही राहतो

पुण्याची सवलत वेगळ्या जातीची आहे. तिथे मालक स्वतः राहत असेल तर करयोग्य मूल्यात ४० टक्के सूट मिळते. ही १९७० पासूनची. लेखापरीक्षणात आक्षेप आला, २०१९ मध्ये ती रद्द झाली, चार वर्षे नव्या-जुन्या घरांचा गोंधळ चालला आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने ती पुन्हा दिली. त्यासाठी पीटी-३ अर्ज भरून, आपण इथेच राहतो याचे पुरावे जोडून क्षेत्रीय कार्यालयात रांग लावावी लागली. पुणेकर त्या रांगेवर भरपूर बोलले. सवलतीच्या तत्त्वावर फारसे कोणी बोलले नाही.

‘स्वतः राहतो, कमावत नाही, म्हणून कर कमी’ हे वरवर सरळ दिसते. पण कर ज्या सेवांसाठी आहे त्या घरात राहणारा माणूस वापरतो, मग तो मालक असो वा भाडेकरू. कर कायद्याने मालकावर बसतो हे खरे. पण १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात करवाढ भाड्यात मिळवण्याची मुभा मालकाला आहे, आणि खुल्या बाजारात तर विचारायलाच नको. म्हणून पूर्ण दराने आकारलेल्या घरातला भाडेकरू, जो वडगावला स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा असेल किंवा लातूरहून कामासाठी आलेले जोडपे, शहराचा खर्च स्वतःचे घर असलेल्या शेजाऱ्याहून जास्त उचलतो. आणि त्याच्या हातात महापालिकेची एकही पावती नसते. मालकाची सूट आणि भाडेकरूची वाढ ही एकाच निर्णयाची दोन टोके आहेत. भाडेकरूंची संघटना नाही, त्यातल्या अनेकांचे मतदार यादीत नाव गावाकडे आहे, म्हणून दुसऱ्या टोकाबद्दल कोणी विचारत नाही.

माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना २०२० पासून राज्यभर एका घरापुरती जी माफी आहे तिला मी या यादीत धरत नाही. ती ऐपतीपोटी दिलेली नाही, ऋणापोटी दिली आहे, आणि तसे उघड म्हटले आहे.

६. माफीचे पैसे येतात कुठून

जकात हे मुंबईचे मोठे उत्पन्न होते, ती १ जुलै २०१७ ला गेली. इतर शहरांतली जकात त्याआधीच गेली होती, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही २०१५ मध्ये बहुतांश संपला. आता राज्याकडून वस्तू आणि सेवा कराची भरपाई येते. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या हिमतीवर वसूल करावा असा महापालिकेकडे उरलेला मोठा कर एकच, घरपट्टी. भारतात सगळ्या शहरांचा मिळून मालमत्ता कर देशाच्या सकल उत्पादनाच्या पाव टक्काही भरत नाही. तरी आपण त्यातली भोके मोठी करत आहोत.

पंधराव्या वित्त आयोगाने ही नस ओळखली. राज्याने मालमत्ता कराचे किमान दर जाहीर करावेत आणि वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या बरोबरीने वाढावी, अशा अटी त्याने शहरांच्या अनुदानाला घातल्या. म्हणजे दिल्लीहून येणारा पैसाही घरपट्टीच्या वसुलीवर लटकला.

माफ झालेली रक्कम हवेत विरत नाही. ती तीन वाटांनी परत येते. उरलेल्या करदात्यांवर, म्हणजे ५०१ फुटांपासून पुढच्या घरांवर आणि दुकानांवर, ही पहिली वाट. न झालेले काम ही दुसरी: भरली न गेलेली सफाई कामगारांची पदे, डागडुजीविना राहिलेली शाळा, दवाखान्यात नसलेले औषध. हा भुर्दंड सर्वांत जास्त त्यालाच पडतो ज्याला खासगी शाळा आणि खासगी दवाखाना परवडत नाही. तिसरी वाट मला सर्वांत धोक्याची वाटते. महापालिका जास्तीचा एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक) विकते, विकासकांकडून अधिमूल्य घेते. बांधकाम परवानगीतून येणारा पैसा मोठ्या शहरांच्या अर्थसंकल्पाचा मुख्य आधार होत चालला आहे. ज्या गल्लीत चार मजल्यांचे पाणी आणि गटार आहे तिथे बावीस मजले उभे राहतात, कारण त्या अठरा मजल्यांच्या अधिमूल्यावर पालिकेचा अर्थसंकल्प उभा असतो. घरपट्टी न भरणारे कुटुंब मग पाण्याच्या टँकरचे पैसे भरते. टँकरवाला फुटांची सवलत देत नाही.

७. पर्याय काय

पहिले, माफी रेघेवर न देता सगळ्यांच्या बिलातून वजा करावी. प्रत्येक कुटुंबाच्या राहत्या एका घराच्या भांडवली मूल्यातला खालचा ठराविक भाग करमुक्त ठेवावा. उदाहरणापुरते आकडे घेऊ. पहिले ४० लाख मूल्य करमुक्त आणि त्यावरच्या मूल्याला दर ०.१ टक्का. ३५ लाखांच्या घराचा कर शून्य, ४५ लाखांच्या घराला ५०० रुपये, दोन कोटींच्या घराला १६ हजार. कुठेच उडी नाही. मानखुर्दचे घर सुटते, वरळीचे सुटत नाही, आणि गोवंडीच्या ५२० फुटांना थोडाच कर येतो. विभागानुसार मर्यादा थोडी वर-खाली करावी लागेल, ती करता येते. भाड्याने दिलेल्या घरालाही हीच वजावट द्यावी, म्हणजे पुण्यातल्या भाडेकरूशी होणारा दुजाभाव जाईल.

दुसरे, मूल्य मोठे पण हातात रोख नाही अशा घरांसाठी कर पुढे ढकलण्याची सोय. दादरच्या जुन्या इमारतीत एकटी राहणारी निवृत्त शिक्षिका हे या वादात नेहमी पुढे केले जाणारे उदाहरण आहे, आणि ते खोटे नाही. तिच्यासाठी सगळ्यांचे दर गोठवण्याची गरज नाही. मालमत्ता कर हा त्या मालमत्तेवरचा पहिला बोजा आहे, हे कायद्यात आधीच लिहिलेले आहे. म्हणजे पालिकेचा पैसा बुडण्याची भीती नाही. ठराविक वयापुढे आणि ठराविक उत्पन्नाखाली, घर विकले जाईपर्यंत किंवा वारसाच्या नावावर चढेपर्यंत कर साध्या व्याजाने साठू द्यावा. आज काय होते? न भरलेल्या रकमेवर दरमहा दोन टक्के शास्ती, म्हणजे वर्षाला चोवीस. आणि पुण्यासारख्या शहरात ठरल्या मुदतीच्या आत भरणाऱ्याला सर्वसाधारण करात ५ किंवा १० टक्के सूट. रोख हाताशी आहे त्याला बक्षीस, नाही त्याला दंड, आणि दंड साठवून ठेवणाऱ्या बड्या थकबाकीदाराला दोन-चार वर्षांनी दंडमाफीची अभय योजना. एकटीच्या पेन्शनवर जगणाऱ्या बाईला या तिन्हींतून दिलासा मिळत नाही.

तिसरे, प्रत्येक सवलतीची रक्कम अर्थसंकल्पात वेगळ्या शीर्षाखाली खर्च म्हणून छापावी आणि बिलावरही छापावी. ‘तुमचा कर इतका, त्यातली सवलत इतकी, ती भरून काढली अमुक ठिकाणाहून.’ राज्य सरकारने माफी जाहीर केली तर राज्याने ती रक्कम पालिकेला द्यावी. घोषणा मंत्रालयातून व्हावी आणि खड्डा वॉर्ड ऑफिसात पडावा, ही सवय मोडली पाहिजे.

८. आक्षेप

सर्वांत वजनदार आक्षेप असा की क्षेत्रफळ टेपने मोजता येते, मूल्य मात्र कोणीतरी ठरवायचे असते, आणि जिथे कोणी ठरवतो तिथे मनमानी आणि न्यायालय दोन्ही येतात. मुंबईचा अनुभव त्याला दुजोरा देतो. जमिनीच्या भविष्यातल्या बांधकामक्षमतेवरही कर लावणारे भांडवली मूल्य नियम उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ते रद्दच ठेवले. हा निकाल मला योग्य वाटतो. जे बांधलेच नाही त्यावर आज कर कसा? पण न्यायालयाने बांधलेल्या घराचे मूल्य काढायला मनाई केलेली नाही. रेडी रेकनरचे दर घर खरेदी-विक्रीच्या मुद्रांक शुल्कासाठी रोज वापरले जातात. त्यावर लोक कुरकुरतात, पण व्यवहार थांबलेले नाहीत. तोच दर मुद्रांकासाठी पुरेसा विश्वासार्ह आणि घरपट्टीसाठी अविश्वसनीय, हे पटणारे नाही.

दुसरा आक्षेप रस्त्यावरचा आहे: पालिका पैसे खाते, मग द्यायचे कशाला? याचे उत्तर देताना मी पालिकेची वकिली करणार नाही. पण एवढे विचारतो, की जिचा पैसा ठेकेदाराकडून आणि विकासकाकडून येतो ती पालिका कोणाला जास्त उत्तरदायी असेल? मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तिथे निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. प्रशासक हजारो कोटींचे निर्णय घेत राहिले. त्या काळात मोर्चे निघाले ते फुटांसाठी, हिशेबासाठी निघाले नाहीत. पन्नास रुपये का होईना पण दरवर्षी भरणारा माणूस बिलाच्या मागची बाजू वाचतो, शून्य आलेला वाचत नाही. म्हणून वरच्या उदाहरणात शून्य आलेल्या अगदी लहान घरांनाही, परवडेल इतकी, नाममात्र रक्कम असावी असे माझे मत आहे. या मताने कोणी लोकप्रिय होत नाही.

तिसरा आक्षेप की मोठे थकबाकीदार, सरकारी कार्यालये, वादात अडकलेल्या कंपन्या यांच्याकडून आधी वसूल करा. जरूर करा. पण त्यांची थकबाकी ही एकदाची वसुली आहे आणि सवलत ही दरवर्षीची वजाबाकी. एकीने दुसरीची भरपाई होत नाही.

महापालिकेच्या निवडणुकीत तुमच्या दारावर उमेदवार येईल आणि किती फुटांपर्यंत माफी देणार ते सांगेल. त्याला तीन प्रश्न विचारा: माझ्या प्रभागातल्या घरांची फेरआकारणी शेवटची कोणत्या वर्षी झाली, ही माफी कोणाच्या बिलात टाकणार, आणि ती रक्कम अर्थसंकल्पाच्या कोणत्या पानावर छापणार. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लेखी मागा.